ठकीचे काळे दात

“मशीन नको म्हणाले होते मी, डॉक्टर. डांबर फासा म्हणाले नव्हते!”

आवाज असा चढला, की खालच्या दुकानात न्हाव्याचा वस्तरा हवेतच थांबला आणि एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी घरी पळालं. आवाज ठकीच्या आईचा. बाईचं ब्यूटी पार्लर होतं. नवऱ्या मुली सजवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि तिच्याच पोटच्या पोरीच्या समोरच्या चार दातांना बुटाचं पॉलिश!

दातांचा डॉक्टर खुर्चीतल्या खुर्चीत लहान झाला. गेल्या महिन्यात ड्रिलचं मशीन नुसतं घूंऽ करताच ठकीने त्याचं बोट चावलं होतं. मग त्याने मशीन बाजूला सारलं आणि बारीक ब्रशने किडीवर चांदीचं औषध लावलं. ना कळ, ना रक्त, ना रडारड.

“ताई, या औषधाने कीड थांबते, पण काळी पडते. तेव्हाच सांगितलं होतं मी. दुधाचे दात आहेत, पडून जातील.”

“सांगितलं होतं म्हणे! मला वाटलं, तिळाएवढा ठिपका येईल. इथे अख्खी अमावस्या उतरलीय तोंडात! पार्लरमधल्या बायका आरसा सोडून हिच्या तोंडात बघतात. शाळेच्या बाई विचारतात. अहो, तो दूधवाला! तंबाखूने स्वतःच्या दातांची चूल झालीय त्याच्या, तोही म्हणतो, ‘वहिनी, पोरीला फार लवकर सवय लावलीत?’”

डॉक्टरने बोट सांभाळत विचारलं, “आधी दात किडलेले होते, तेव्हा कोणी विचारत नव्हतं?”

“तेव्हा दिसायचं कुणाला? ओठ उघडेल तर शपथ. जरा वारा लागला की कळ थेट मस्तकात. गाल दाबून कोपऱ्यात बसायची दिवसभर. लोक म्हणायचे, किती गुणी पोर हो तुमची!”

“आणि आता?”

“आता विचारूच नका! मांजर शिंकलं तरी खिदळते. परवा एका बाईच्या भुवया कमीजास्त झाल्या, तर ही जमिनीवर लोळून हसली. तोंड म्हणून मिटत नाही कार्टीचं, मग सगळ्यांना दिसणारच ना ते...”

बोलता बोलता बाईची नजर दाराकडे गेली.

दाराबाहेर बाकावर ठकी शेजारच्या आजोबांना आपले दात दाखवत होती. आजोबांकडे दाखवायला एकही नव्हता. त्यांनी सरळ बोळकं उघडलं. त्यासरशी ठकी अशी हसली, की ट्रेमधले चिमटे खणखणले.

डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाला, “तसं वरून पांढरं आवरण बसवता येईल, ताई. म्हणजे कुणाला...”

“गप्प बसा हो जरा!” ती खेकसली. “ऐकू द्या मला.”