बाबांच्या रक्तातले बुडबुडे

बाबांच्या यकृतातला डाग कर्करोगाचा नाही. हे मी तुम्हाला अजून सांगितलेलंच नाही असं धरा; बाबा अजून सोनोग्राफीच्या खाटेवर घाबरून पडलेत. इथली तंत्रज्ञ मीच, त्यामुळे औषधाची कुपी हलवून सूक्ष्म बुडबुडे मी तयार केले, नर्सनं शिरेत सोडले. हाक मारली की आत्या दुप्पट वरच्या पट्टीत ओ देते, तसेच यंत्राच्या ध्वनिलहरींना हे बुडबुडेही. यंत्राला मी फक्त तीच पट्टी ऐकायला लावलं. डाग उजळला आणि उजळलेलाच राहिला; कर्करोगाचा असता तर थोड्या वेळात काळवंडला असता. डॉक्टर म्हणाले, “काका, सोडा श्वास.” बाबांनी गाल फुगवून श्वास धरूनच ठेवला. बुडबुड्यांतला वायू श्वासावाटे जातो, हे मीच सांगून बसले होते. शेवटी बाबा लालबुंद होऊन ओरडले, “पोरीनं बनवलेत, असे कसे घालवू?” डॉक्टर हसले, “डाग साधा आहे.” बाबांनी तिथंच अर्ज लिहिला: “सदर बुडबुडे कन्येने स्वहस्ते बनवलेले असल्याने अर्जदारास परत मिळावेत, ही नम्र विनंती.”