उलटा शर्ट

गाडीचा मागचा दिवा बंद म्हणून पोलिसानं माझ्या भाच्याला, कीननला, अडवलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. बहिणीनं त्या पोलिसावर घातलेला दावा तीन वर्षांनी आज ज्युरीपुढे उभा राहणार होता. आमच्या काळ्यांच्या वस्तीत मयताच्या वेळी मेलेल्या माणसाचा चेहरा छापलेले शर्ट घालतात. तेच घालून आम्ही कोर्टात गेलो. दारातच शिपायानं हटकलं. “मावशी, हा फोटो आत चालत नाही. ज्युरीच्या मनावर परिणाम होतो.” माझं टाळकंच सरकलं. “आणि तो पोलीस छातीवर बिल्ले मिरवत बसलाय, ते चालतं होय रे?” बहिणीनं मला ओढत बाथरूममध्ये नेलं. स्वतःचा शर्ट काढला, उलटा करून चढवला. शिवणी बाहेर आल्या, कीनन आत गेला. “पोराला झाकलंस की, व्हर्नेटा!” “नाही गं,” तिनं छातीवर हात ठेवला. “त्याचं तोंड आता माझ्याकडे. तान्हा असताना असाच झोपायचा.”