बिनदाराचं घर

खोल्या दोन, चौकटी तीन, खिडकी एक. दार एकही नाही. निकिताने पुन्हा फिरून खात्री केली. चौकटींना बिजागरी नव्हती, बिजागरीची भोकंही नव्हती.

शनिशिंगणापूरच्या शिवेवरच्या त्या वस्तीत कुणाच्याच घराला दार नव्हतं. नगरच्या कोर्टात मात्र हे कुणी मांडलंच नाही. शेजारची आठ वर्षांची मुलगी जबाबात म्हणाली होती, "दार बंद झालं. मला बाहेर जाता येईना." तो जबाब धरून या घरातल्या सुनीलला तिच्यावरच्या अत्याचाराबद्दल वीस वर्षांची शिक्षा झाली. आता खंडपीठात अपील होतं आणि निकिताच्या वकिलीतलं हे पहिलंच मोठं काम.

"काढा फोटो," ओट्यावर शेंगा फोडत सुनीलची आई रतनबाई म्हणाल्या. "जज्जाला दावा. जे घरात न्हाईच, ते माझ्या लेकानं लावलं कसं?"

"तेच मांडायचंय, मावशी. सुटेल तो."

"सुटला तर पुरणपोळी घालते तुमाला. लई वाळलात. कोर्टात जेवू देत न्हाईत व्हय?"

निकिता हसली. तेवढ्यात भिंतीला टेकवलेली उंच, रुंद फळी तिला दिसली.

"ही कशाला?"

"कुत्र्यांसाठी. दुपारचं चौकटीला लावायचं. समद्यांकडंच हाय."

सरकारी वकील हिलाच दार म्हणणार. निकिता फळी घेऊन आत गेली आणि चौकटीत उभी करू लागली. फळी बाहेर कलंडली. दुसऱ्यांदा तिने ती घट्ट दाबली, पुन्हा तेच. फळी अडकवायची खाच चौकटीच्या बाहेरच्या अंगाला होती. म्हणजे आतल्या माणसाला ती लावताच येत नव्हती.

निकिताला हायसं वाटलं. फळीचा मुद्दाही सुनीलच्याच बाजूने गेला होता. तरी खात्रीसाठी तिने ती आणखी एकदा उचलली.

"अवं, किती झटताय वकीलबाई!" रतनबाई खुदकन हसल्या. "आतून न्हाई लागायचं ते. त्या दिशी सुनीलबी असाच घामाघूम झाल्ता. शेवटी मलाच उठावं लागलं."

मांडीवरची टरफलं झटकून त्या उठल्या. "सरा आत."

बाहेरून फळी एका हाताने, पहिल्याच खेपेला बसली. फट बोटभरही राहिली नाही.