फायनलची जर्सी

हर्लिंग हा आमचा आयरिश काठी-चेंडूचा खेळ; आमच्या काउंटीच्या हर्लिंग मंडळाने जुनं दप्तर जपायला एक खोली घेतली आहे. इतिवृत्ताच्या वह्या, फोटो, तिकिटं, मिळेल ते तिथला दप्तरदार कोलम गोळा करतो. मी अठ्ठ्याहत्तरच्या फायनलला घातलेली माझी जर्सी घेऊन गेलो.

कोलमने हातमोजे घालून ती उजेडात धरली आणि त्याचा चेहराच पडला.

"मॅट, ही धुतली कोणी?"

"नोरीनने. दर सोमवारी सगळ्या संघाचे कपडे माझी बायकोच धुवायची."

"अरे देवा! त्या दिवसाचा चिखल होता हिच्यावर, तुझ्या कपाळाचं रक्त होतं. आता हिच्यात आणि दुकानातल्या जर्सीत फरक काय राहिला?"

माझं डोकंच फिरलं. "तू आला होतास का पंधरा जर्स्या पिळायला? ती बिचारी गेली आणि आता तिच्या नावाने बोंबलतोस? मळका कपडा कुणी जपून ठेवतं का?"

जर्सी टेबलावर टाकून तणतणत घरी आलो. मुलगी ओर्ला लिमरिकहून आवराआवर करायला आली होती. नोरीन गेल्यापासून तिचं लोकरीचं स्वेटर तिच्या खुर्चीच्या पाठीवर होतं, मी ते हलवलं नव्हतं. आता खुर्ची रिकामी होती आणि स्वेटर मागच्या दोरीवर वाळत होतं.



"किती मळलं होतं ते, बाबा," ओर्ला म्हणाली, "आता हुंगून बघा, साबणाचा कसा छान वास येतोय."