बोट घसरलं तर

खेळातला किल्ला पुन्हा पडला, तसा जिनेशनं मोबाइल मांडीवर पालथा टाकला.

मिरजेच्या त्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाक एकच. शेजारी आटपाडीचे नाथाजी, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांच्या बायकोला, विजयमालाबाईंना, नुकतंच आत नेलं होतं. हृदयाची झडप बदलायची होती. एके काळी गोळीबारात घोरलेला माणूस म्हणे, पण आज त्यांना त्या बंद दाराकडं बघवेना. म्हणून ते शेजारच्याच्या मोबाइलमध्ये बघत होते.

"पावणं, आतल्या माणसाची काळजी हाय न्हवं?"

जिनेशनं मान हलवली. स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, तरी अंगातलं कापरं जात नव्हतं.

"मनाशी ठरवलंय, काका. किल्ला राखला तर आतलं सगळं नीट होईल. पडला तर..."

"मग डाव मागं घे की. सेव्ह केला असशील."

"ती लबाडी झाली."

"कुणाशी? पल्याड कोण बसलंय व्हय?" नाथाजी जवळ सरकले. "सरावात आमी एकच टेकडी चार-चारदा घ्यायचो. खोट्या गोळ्या. मेलेले उठून चहा प्यायचे. जिथं मेलेला उठतो, तिथं खुशाल मागं घ्यावं."

"प्रत्येक वेळी?"

"तसं न्हवं. डोकं चुकलं तर गुमान हार मानायची. नुसतं बोट घसरलं तर माफ."

जिनेशनं मोबाइल सुलटा केला.

"माझं बोटच घसरतंय," तो हळूच म्हणाला.

"मग इचार कसला करतोस? घे मागं."

डाव पुन्हा सुरू झाला. बोट थरथरलं, तोफ भलतीकडंच वळली. नाथाजींनीच खुणावलं, मागं घे. परत तेच. परत मागं. शेवटी एकदाचा किल्ला राहिला, आणि नाथाजींचा कोंडलेला श्वास सुटला. त्यांनी पोराच्या पाठीवर थाप मारली.

"राखलास गड्या. आता तुझंबी माणूस वाचलं, माझंबी. तुझं कोण हाय रं आत?"

जिनेशनं तोंड उघडायच्या आत दार उघडलं. नर्स त्याच्याकडंच बघत होती.

"मोठे सर अजून खंबाटकी घाटातच अडकलेत," ती म्हणाली. "विजयमालाबाईंना भूल दिलीय. आता तुम्हालाच करायचंय, डॉक्टर."