तीन भाषांतलं लेबल

वाल्मिक कर्जतच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. नव्या लेबलाचं प्रूफ घेऊन आज तो स्वतःच खालापूरला मालोजी वैद्यांच्या दुकानात आला होता. वर मराठी, मधे गुजराती, खाली इंग्रजी. गुजराती खिळे मुंबईहून उसने आणून, एकेक अक्षर नमुन्याशी ताडून त्यानं बसवलं होतं. तिन्ही ओळी एकच सांगत होत्या: बाहेरून लावण्याचे तेल, पोटात घेऊ नये.

कारणही तसंच घडलं होतं. गेल्या महिन्यात ठाकरवाडीतलं जैतू नावाचं पोर सांधेदुखीचं तेल प्यालं आणि मरता मरता वाचलं. तेव्हापासून वैद्यांना घास गोड लागत नव्हता.

"आता कुणी चुकायचं नाही," प्रूफ डोळ्यांजवळ धरून वैद्य म्हणाले. "झकास जमलंय रे."

वाल्मिकला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं. एवढ्याशा कागदावर तीन लिप्या नांदवायच्या म्हणजे काही खायचं काम नाही.

तेवढ्यात चिंधी आली, जैतूची आजी. डोक्यावरची हिरड्यांची पाटी उतरवून ती उंबऱ्याशीच टेकली.

"पोरगं कसं आहे गं?" वैद्यांनी विचारलं.

"हुंदडतंय."

वैद्यांनी प्रूफ तिच्यापुढे धरलं. "हे बघ. आता तेलाच्या प्रत्येक बाटलीवर हे चिकटवणार. त्या दिवशी असतं तर पोर प्यालं नसतं."

"त्या बाटलीवर बी कागद व्हता की, बाबा."

"कसला कागद? तेल मी सुटं देतो, ज्याच्या त्याच्या बाटलीत."

"तीच ना. तुमच्याच खोकल्याच्या औषधाची. लाल कागदाची. ते औषध गोड लागतं. पोरानं कागद वळखला न् प्यालं."

खोकल्याचं ते लाल लेबलही वाल्मिकनंच जुळवलं होतं, लांबूनही ओळखू यावं म्हणून.

"गुडघं लई दुखतात," चिंधी म्हणाली आणि पाटीतून तीच लाल कागदाची रिकामी बाटली काढून तिनं फळीवर ठेवली. "दुसरी नाय घरात. आता वर आढ्याला टांगते."

वैद्यांचा हात काही तेलाकडे जाईना. वाल्मिकनं बाटली उचलली, तांब्यातलं पाणी तिच्यावर ओतलं आणि दारात बसून आपलीच अक्षरं नखानं खरवडायला लागला.