पाहुण्याचं पाणी

"ऊठ रे चवळीखाऊ. जावयासारखा काय लोळतोस?" परिचारिका सिरा कुलिबाली अंगणात शिरता शिरताच म्हणाली आणि उलट्या शिवीची वाट बघत थांबली.

शिवी आली नाही.

मालीच्या त्या नदीकाठच्या गावात जारा आणि कुलिबाली या दोन कुळांतली माणसं समोरासमोर आली की एकमेकांना चवळीखाऊ म्हणणार, ही आज्या-पणज्यांपासूनची रीत. मयताच्या घरीसुद्धा ती चुकत नाही. पण लासाना जारा कडुनिंबाखालच्या चटईवर डोळे मिटून पडून राहिला. त्याची आई फांता बाजरी कांडत होती. तिचं मुसळ हवेतच थांबलं.

"कुलिबालीला शिवी देत नाही हा," ती हळूच म्हणाली.

सिरानं खाली बसून त्याची पापणी वर केली. डोळा पिवळा झाला होता. तिनं बोटाला टोचून रक्ताचा थेंब तपासणीच्या पट्टीवर घेतला आणि इकडंतिकडं पाहिलं. पाहुण्यांच्या खोलीच्या दारात मच्छरदाणी गुंडाळून टांगलेली होती.

"ही सोडली नाही?"

"आल्या दिवशीच सोडली होती मी. यानं आपल्या हातानं गुंडाळली. मी काय पाहुणा आहे का, म्हणाला. पाहुण्याला देतात ते वाडग्यातलं पाणीसुद्धा घेतलं नाही. रांजणात डोकावून घरच्यासारखा प्यायला." हे सांगताना फांताचा चेहरा क्षणभर उजळला.

मशिदीच्या अंगणातून शेखांचा आवाज येऊ लागला. लासानाच्या वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यासाठीचं आजचं प्रवचन, रात्रीपर्यंत चालणारं. शेख उपदेश गाऊनच करायचे. एक ओळ ते अशी लांबवत नेत, की ऐकणाऱ्याला वाटावं, देव पलीकडच्या घरातच बसला आहे. सगळं गाव तिकडं गेलं होतं. याच प्रवचनासाठी लासाना दोन आठवड्यांपूर्वी पॅरिसहून आला होता.

पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

"हिवताप," सिरा म्हणाली.

"हिवतापच ना?" फांतानं सुस्कारा सोडला. "मला वाटलं काय झालं न काय. अगं, लहानपणी तापातच शेळ्यांमागं पळायचा हा."

"तुझं बोट दे, म्हातारे."

"मला काय धाड भरलीय?"

"दे म्हणते ना. चवळी खाऊन खाऊन जारांची अक्कल फुगते ती अशी."

फांताच्या पट्टीवरही दोन रेघा आल्या. ती त्यांच्याकडं बघत राहिली.

"म्हणजे मलाही?"

"सकाळपासून काय केलंस तू?"

"काय करणार? पाणी भरलं. लाकडं आणली. हे कांडतेय."

"तेच. तुझ्या रक्ताला हा ताप रोज भेटतो. ते त्याला ओळखतं, डोकं वर काढू देत नाही. याचंही रक्त कधीकाळी तसंच होतं. पण बावीस वर्षं हा तिकडं. ताप भेटलाच नाही, तर रक्त ओळख ठेवणार कशी? विसरलं."

"मी विसरलो नाही," लासाना डोळे न उघडता म्हणाला.

"तू नाही रे."

"माझ्यातलं काढून दे याला," फांतानं बाही वर सारली.

"तसं नाही देता येत, माई."

इतक्या वर्षांत सिरानं तिला पहिल्यांदाच माई म्हटलं होतं. फांतानं बाही खाली ओढली.

सिरानं सुई टोचली आणि फोन करून गाडी बोलावली. शहरातल्या इस्पितळात न्यायला हवं होतं, आत्ताच्या आत्ता.

"मी जाणार नाही," लासाना म्हणाला. "बाबांचं वर्ष आहे. मुलांनी पुढं चटईवर बसायचं असतं. गोळी दे, संध्याकाळपर्यंत उठतो. गावातलं कोण हिवतापासाठी शहरात जातं?"

"गावातलं कुणीच जात नाही. पाहुणे जातात." सिराचा आवाज करडा होता. "नाही गेलास, तर शेखांना इथंच ठेवून घ्यावं लागेल. तुझ्यासाठी गायला." मग तिनं विचारलं, "तिकडं कोण असतं तुझं? कळवायला हवं."

"कुणी नाही. वसतिगृहात एक खाट आहे."

गाडी आली. लासानानं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि चटईची कड मुठीत धरली. बोटं सोडवायला सिरा वाकली, तेव्हा फांतानं तिला हातानं बाजूला केलं.

फांता खोलीत गेली. फळीवरचा भोपळ्याचा कोरीव वाडगा तिनं काढला, धुतला, रांजणातल्या पाण्यानं भरला. लेकासमोर येऊन तिनं गुडघा वाकवला. पोटच्या पोरापुढं कुणी गुडघा वाकवत नाही. दोन्ही हातांनी वाडगा पुढं धरला.

"लांबून आलात," ती म्हणाली. "पाणी घ्या."

लासानानं मान वळवली. आईकडं बघितलं. ती नजर खाली घालून तशीच थांबली होती, पाहुण्यापुढं थांबावं तशी. तिकडं शेखांनी पुन्हा तीच ओळ धरली होती, की ज्याला देव बोलावतो त्याची वाट तोच झाडून ठेवतो.

लासानानं चटईची कड सोडली. दोन्ही हात वाडग्याला लावले. फांतानंही वाडगा सोडला नाही. तो प्यायला. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. तिनं ते पुसलं नाही.

पाहुण्याचं पाणी पिऊन झालं की एक गोष्ट विचारायची असते. फांतानं विचारली.

"तुमच्या घरची माणसं सुखरूप आहेत ना?"

"सुखरूप आहेत," लासाना म्हणाला.